समुद्राला कुठल्या गावी

शनि. १६ मार्च १९५७
शाळा सुटल्यावर गोंदियाहून पॅसेंजरने आमगाव, तिथून गाडीबैलाने घरी. बाबूजींच्या डोळ्यांचं गोंदियाच्या डॉक्टरने जे सांगितलं ते जेवताना सगळ्यांपुढे सांगून टाकलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पावसाळ्यानंतर नागपूरला ऑपरेशन. नजर राहीलच अशी हमी नाही.
वाटलं, घाबरतील. भात कालवता कालवता म्हणाले, "डोरे कापाच्या आधी मले समुद्र पाहाचा आहे."
दादाची पोरं हसली. दादाही हसला. बाबूजी हसले नाहीत.
"अडुसष्ट वर्षं धानाच्या बांदीत पानी पाहिलं, घोट्याएवढं. आता मोठं पाहाचं आहे. अन् एकट्याले नाई जाचं. सगळे चला."
दादा म्हणाला, "कोठी पन?"
"कौसल ठरवंल. तिच्यापाशी नकाशे आहेत."
म्हणजे काम माझ्यावर. चौथीला भूगोल शिकवते, किनारा-बंदरं पाठ करून घेते, समुद्र स्वतः पाहिलेला नाही.

रवि. १७ मार्च
सकाळी अंगणात खाटेवर अॅटलास उघडला. एकीकडे मायने मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा वास. धाकटा भाऊ मधू बायको-बाळाला घेऊन रायपूरहून आला आहे. रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात असल्यामुळे सगळ्या गाड्या त्याला तोंडपाठ.
मधू: वाल्टेर, म्हणजे विशाखापट्टणम. "रायपुरात बसा, सकाळी डोंगर पाहत पाहत उतरा. माया एक दोस्त आहे तठी."
दादा: मुंबई. "आता आपन मुंबई राज्यात आलो ना? मंग आपलीच मुंबई पाहा."
वहिनी: पुरी. "देव बी होते, समुद्र बी होते. एका खेपेत दोन." सुशी, त्यांची थोरली, आईच्या बाजूने. वाल्टेर कुठे आहे तेसुद्धा तिला सापडलं नाही, मॅट्रिकला बसली तरी.
बाबूजी: "कौसल म्हनंल ते."
मी मायला विचारलं. मोहफुलं पसरता पसरता म्हणाली, "तुमी पाहा बाप्पा." वर पाहिलं नाही. तिचं नेहमीचंच. साठ वर्षांत कचारगडच्या जत्रेपलीकडे गेली नसेल, तिला वाल्टेर काय आणि मुंबई काय.

सोम. १८ मार्च
परत गोंदिया. माझं मत पु. (वा. बद्दल मधूचा दोस्त सोडून कुणाला काही माहीत नाही. मुं. म्हणजे गर्दी, समुद्र बाजूलाच राहायचा.)
वहिनीने एक पत्ता दिला होता. पुरीच्या पंड्याचा माणूस दर हिवाळ्यात आमगावकडे येतो, त्याने लिहून दिलेला. उतरायच्या सोयीसाठी पंडाजींना हिंदीत पत्र टाकलं. यात्रेकरूंच्या नोंदींच्या त्यांच्या वह्या गाववार असतात म्हणतात, म्हणून आमचं गाव, बाबूजींचं नाव, मायचं नाव, मायचं माहेर, तिच्या बापाचं नाव, सगळं लिहिलं. पूर्वी आपल्यापैकी कुणी येऊन गेलं असेल तर कळवा, असंही. हौस म्हणून.

शनि. ३० मार्च
आज घरी जेवताना वहिनीने विषय काढला, पुरी पक्की म्हणून. माय वाढत होती. वरणाची पळी परत भांड्यात ठेवली.
"पुरी नाई."
वहिनी म्हणाली, "काऊन मामी? देवाचं गाव आहे."
"मी सांगितलं ना, नाई."
माय असं कधी बोलत नाही. तिचा आवाज दादाला बाहेर ऐकू गेला, तो आत आला. "का झालं?" मग बाबूजी म्हणाले, "मंग पुरी नाई. दुसरं पाहा." एवढं म्हणून मायकडे पाहत राहिले. त्यांना दिसत किती असेल ठाऊक नाही, पण पाहत राहिले.
माय न जेवता उठली. वहिनी रुसली. पंड्याला पत्र गेलं आहे हे मी सांगितलं नाही.

गुरु. ४ एप्रिल
मधूचं कार्ड. दोस्ताने लिहिलं आहे, वाल्टेरला घर मिळेल, समुद्र दारातून दिसतो. तर वा. ठरतं आहे म्हणायचं. वर्गात पोरींनी विचारलं, बाई, समुद्राचं पाणी खारट काऊन असते? पुस्तकातलं सांगितलं.

बुध. १० एप्रिल
पुरीचं पत्र आलं. शाळेच्या पत्त्यावर. मधल्या सुट्टीत उघडलं. पुन्हा वाचलं. मग बाकावर बसले. घंटा झाल्यावर वर्गात कशी गेले आठवत नाही.
हिंदीत आहे. इथे मराठीत उतरवून ठेवते, म्हणजे मी काही भलतंच वाचलं असेल तर उद्या कळेल.
"आपल्या कुटुंबाची नोंद नाही. परंतु आपण लिहिलेल्या माहेरच्या नावावरून एक नोंद सापडली. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या रथयात्रेत डोमाजी यांची एकुलती कन्या जानकी, विधवा, सासरे हिरामण यांच्याबरोबर आली होती. महामारीने जानकी हिचे येथे देहावसान झाले. तिची आठ महिन्यांची कन्या सासऱ्यांनी आमच्या वडिलांच्या समक्ष एका निपुत्रिक दांपत्यास सोपवली. आपली यात्रा घडत असल्यास मृत जानकीचे श्राद्ध करण्याची व्यवस्था होईल."
जानकी माझी माय. डोमाजी तिचा बाप. त्याला दुसरी मुलगी नव्हती.
परवा तिने मला आंबील करून पाजली.

गुरु. ११ एप्रिल
दुसरी कुणी जानकी असेल असं रात्रभर धरून ठेवलं होतं. सकाळी ते सुटलं. गाव तेच, बाप तोच, एकुलती.
विधवा. सासरे हिरामण. आमच्या घरात हिरामण कुणी नाही, कधी नव्हता.
फळ्यावर पूर्व किनारा काढताना हात थांबला. पोरी कुजबुजायला लागल्या. एकीला पुढे बोलावून उरलेला काढायला सांगितला.

शनि. १३ एप्रिल
मायला विचारणं जमेना. तिच्यासमोर जेवले, तिच्या हाताकडे पाहत. ताटात काय होतं सांगता यायचं नाही.
उन्हं कलल्यावर बाबूजी बांध पाहायला निघाले, मी हात धरायला म्हणून बरोबर. दूर गेल्यावर विचारलं, "बाबूजी, हिरामण कोन?"
थांबले. "तुले कोनं सांगितलं?"
पत्राचं सांगितलं. बराच वेळ काठीने ढेकूळ फोडत राहिले. मग सरळ सांगितलं, धान किती झालं ते सांगावं तसं. माय आधी दुसरीकडे दिलेली. नवरा मेला. सासऱ्याने पुरीला नेऊन टाकून दिली. ती परत आली. दोन वर्षांनी बाबूजींनी तिच्याशी पाट लावला, विधवेचं दुसरं लग्न. जातीतले दोन साल जेवायला आले नाहीत. मग आले.
"आमाले कधी सांगितलं नाई."
"तिनं म्हटलं होतं, लेकरायले सांगू नको. मी नाई सांगितलं."
"वाच बरं ते," म्हणाले. वाचलं. देहावसान आलं तेव्हा हसल्यासारखं केलं. "कागदावर मेली होती, म्हनून तर मले भेटली." मग पुढची ओळ वाचली, निपुत्रिक दांपत्याची.
बाबूजी बांधावर खाली बसले. धोतर मातीत. मी घाबरले, चक्कर आली का म्हणून.
"पोरगी मेली म्हनून सांगितलं होतं तिले," म्हणाले. "मले बी तेच माहीत. चाळीस वर्षं. कौसल, ते पुन्हा वाच."
पुन्हा वाचलं.
"हे मायानं सांगनं होनार नाई. तूच सांग."
त्यांचा हात धरून आणलं. येताना त्यांना वाट अजिबात दिसत नव्हती, की पाहत नव्हते.

रवि. १४ एप्रिल
दादाला न सांगणं बरोबर वाटलं नाही. थोरला आहे. माय नदीवर धुवायला गेली तेव्हा पत्र हातात दिलं. वहिनी चुलीपाशी होती.
आधी समजलंच नाही त्याला. बाबूजींनी सांगितलेलं सांगितलं, मग समजलं. "माय पाटाची?" म्हणाला. "म्हंजे आपन सगळे पाटाचे?"
मी म्हटलं, आहोत तेच आहोत.
"तुले का जाते बोलाले. सुशीले पाहाले लोक येऊन राहिले, पुढच्या महिन्यात. मोठं घर आहे. हे बाहेर गेलं तर कोन उभं राहीन दारात?" आणि पत्र चुलीकडे नेलं. खरंच नेलं.
वहिनीने त्याच्या हातातून काढून घेतलं. मी नाही, वहिनीने. पंधरा दिवस मायशी धड बोलली नव्हती ती. पत्र पदरात धरून उभी राहिली. "जाळाचं नाई. मामीचं लेकरू आहे ते."
"अन् तुयी पोरगी?"
"ते बी आहे. पन हे जाळाचं नाई."
दादा बैल सोडायला निघून गेला. दुपारचे बैल कुणी सोडत नाही.
सुशीने दाराआडून सगळं ऐकलं असावं. नंतर माझ्याजवळ येऊन एवढंच विचारलं, "आत्या, मंग मले एक मोठी आत्या आहे?"
मला त्याचा विचारच आला नव्हता. मला बहीण आहे. असेल.

शनि. २० एप्रिल
बाबूजींची डोळ्यांची दवाई आणायची म्हणून मायला गोंदियाला बोलावून घेतलं. टांगा करून नागऱ्याला नेलं, महादेवाला. घरात सांगणं शक्य नव्हतं. दर्शन झाल्यावर मंदिरामागे सावलीत बसलो. तिने डबा सोडला. मी म्हटलं, माय, आधी एक ऐक. पुरीहून पत्र आलं आहे.
डबा परत बांधायला लागली. फडक्याची गाठ नीट बसेना.
"वाच."
वाचलं. स्वतःच्या मरणाचं ऐकताना मान हलवत होती, हो हो, तेच. मग ती ओळ.
मी तिच्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, "पुन्हा वाच ते. सोपवली ते."
वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग पत्र हातात घेतलं, त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, इथे लिहिलं आहे का? बोट चुकीच्या ओळीवर होतं. मी उचलून बरोबर जागी ठेवलं. बोट थंड. एप्रिलच्या उन्हात.
मग बोलली. कधी न बोललेली बाई एका बैठकीत बोलली. आठवेल तसं लिहिते.
"नवरा तापानं गेला, पोरगी पोटात होती. झाल्यावर सासरा म्हने, देवाले नेतो, पाप धुवून येऊ. मले वाटलं, बरं आहे. रथाची गर्दी. तिसऱ्या दिवशी मले सुरू झालं, उलट्या. धर्मशाळेच्या ओट्यावर पडली होती, पोरगी काखेत. सासरा पंड्याशी बोलून राहिला होता, एवढं पाहिलं. मंग डोरे उघडले त दवाखान्याच्या झोपडीत. काख रिकामी. दवाखान्याच्या आयाबाईले विचारलं. ते म्हने, लेकरू कोनी आनलंच नाई."
"महिना काढला तठी. धुंडलं. दारोदारी. भाषा येत नाई, हातानं दाखवाची, एवढी पोरगी, एवढी. लोक चिल्लर देत. मंग रायपूरकडचे यात्रेकरू भेटले, त्यायनं आनलं."
"घरी आली त बापानं मले पाहून दार लावलं. दहावा झाला होता माया. आतून म्हने, पाय दाखव. मी लुगडं वर करून पाय दाखवले. सरळ आहेत पाहून दार उघडलं."
"बाप गेला हिरामणाले विचाराले. हिरामण म्हने, पोरगी त्याच दिवशी मेली. समुद्रात सोडली."
"त्या पान्याले पाहून मी का केलं असतं, कौसल? म्हनून म्हटलं, पुरी नाई."
मी तिच्याजवळ सरकले.
"समुद्रात नाई सोडली त," म्हणाली. प्रश्न होता की काय, कळलं नाही. मग विचारलं, "नाव का ठेवलं त्यायनं तिचं?"
पत्रात नाव नाही.
"मी चिमी म्हनत होती. बारसं झालं नव्हतं."
डबा तसाच परत आणला.

रवि. २१ एप्रिल
माय सकाळच्या गाडीने गेली. खोलीत एकटी आहे.
मी सतराची असताना हे गेले. (त्यांचा चेहराही आता नीट आठवत नाही.) तेराव्याला माय स्वतः गाडीत बसून आली होती, बरोबर फक्त गडी. बायका असं जात नाहीत. माझ्या सासऱ्याने म्हटलं, राहू द्या, काशीला नेऊन आणतो, मग पाठवतो. मायने मला हाताला धरून गाडीत बसवलं, पाणीसुद्धा प्यायली नाही त्या घरी. बाबूजींना म्हणाली, इला शाळेत घाला. लोक हसले, एवढी घोडी शाळेत.
सोळा वर्षं मला वाटत आलं की मायला माझ्या सासरचा राग होता.

सोम. २२ एप्रिल
पंडाजींना पत्र, रजिस्टर. मायने सांगितलं तसं: जानकी जिवंत आहे, श्राद्ध करू नये. दांपत्य कोण, कुठले, मुलीचं नाव काय, कुठे आहे. मुलीला काही कळवू नये, हे मी माझ्या मनाने घातलं.
मधूलाही सगळं लिहिलं.

शुक्र. २६ एप्रिल
मधू रायपूरहून स्वतःच आला, ड्यूटी बदलून. खोलीत येऊन बसला आणि हसायला लागला, थांबेना. मग रडायला लागला. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या. म्हणाला, "पुरीची तिकिटं रोज फाडतो मी, अक्का. रोज."

गुरु. २ मे
पंडाजींचं उत्तर आलं. निकालाचं काम टाकून दुपारच्या गाडीने घरी. ओसरीत सगळ्यांना बसवून वाचलं. दादा दारात उभा, पाठ आमच्याकडे. पण गेला नाही.
पंडाजींनी आधी चार ओळी माफीच्या लिहिल्या आहेत, बापाने नोंद चुकीची केली म्हणून. जिवंत माणसाची मृत्यूची नोंद त्यांच्या वहीत पहिलीच, म्हणतात. मग: दांपत्य गोपाळपूरचं, पुरीच्या खाली, तेही समुद्राचं गाव. नवरा तिथे एका गोदामात कारकून होता. दोघंही आता नाहीत. मुलीचं नाव सुभद्रा. गोपाळपुरातच दिली. सहा वर्षांपूर्वी आईच्या अस्थी घेऊन पुरीला आली होती, तेव्हा वहीत स्वतः सही केली आहे. दोन मुलगे. "ती स्वतःला त्यांचीच मुलगी समजते की तिला ठाऊक आहे, हे मी सांगू शकत नाही. आपल्या सूचनेप्रमाणे कळवलेले नाही."
"सही केली?" माय म्हणाली. "वाचता येते तिले?"
हो.
माय उठून आत गेली. आम्हाला वाटलं रडेल. डाळ निवडायला बसली. थोड्या वेळाने वहिनीही तिच्याशेजारी जाऊन बसली. दोघी निवडत होत्या. दाणा टाकायचा आणि खडा ठेवायचा असं माय करत होती, वहिनी न बोलता पुन्हा निवडत होती.
बाबूजी मला म्हणाले, "गोपाळपूर नकाशात आहे का?"
आहे. बारीक अक्षरात.

शुक्र. ३ मे
दिवसभर वाद. मी म्हटलं, जाऊ नये. आधी पत्र लिहावं. बेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, तिच्या दारात अकरा माणसं उभी राहून काय सांगणार? तुझी आई ती तुझी आई नाही? सहा वर्षांपूर्वी तिने आईच्या अस्थी टाकल्या. आपल्याला जे झालं ते तिलाही व्हावं का?
मधू रजेवर आला आहे, त्याचं ग्रामोफोनची तबकडी अडकावी तसं एकच: जाऊ, जाऊ.
दादा पहिल्यांदा बोलला. "कौसल बरोबर म्हनते." त्याला माझं पटलं म्हणून, की सुशीचं व्हायचं आहे म्हणून? दोन्ही असेल. मलाही माझं नक्की माहीत नाही. बहीण नको आहे का मला?

रवि. ५ मे
सुशीला पाहायला आले. मुलगा, त्याचे वडील, काका, म्हातारी आजी. दादाने अंगण दोनदा सारवून घेतलं. घरात सगळ्यांना बजावलं होतं.
पोहे झाले, सुशीने चहा आणला, नाव-शिक्षण विचारून झालं. सगळं सुरळीत. मुलाचे वडील बोलायचं म्हणून म्हणाले, "आयकलं, तुमी सगळे समुद्र पाहाले चालले. कोन्या गावी?"
दादा म्हणाला, "वाल्टेरले."
माय पानाचं तबक घेऊन आली होती. तबक खाली ठेवलं.
"गोपाळपूरले," म्हणाली. "मायी पयली पोरगी आहे तठी. पयल्या घरची. तिले पाहाले चाललो."
बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती, ती स्वच्छ ऐकू आली. दादाकडे मी पाहिलंच नाही. सुशीने मान खाली घातली होती ती वर केली.
मुलाचे वडील पान लावत राहिले. सुपारी खाली सांडली. काकाने "बरं, बरं" म्हटलं, कशाला ते त्यालाही कळलं नसेल. म्हातारी आजी मायकडे एकटक पाहत होती. निघताना तिने मायचा हात धरला आणि सोडला.
कळवतो म्हणून गेले.
दादा ओसरीत बसून होता. मायने त्याच्यासमोर जाऊन सांगितलं, "बेचाळीस वर्षं मेलेली म्हनून ठेवली मी तिले. आता जित्ती आहे कळल्यावर बी लपवून ठेवू? मायानं नाई होत, बापा."
दादाने वर पाहिलं नाही. पण म्हणाला, "बस खाली. सकाळपासून उभीच आहेस."

सोम. ६ मे
तर गाव ठरलं. दीड महिना मी नकाशावर रेघा मारल्या, ठरवलं मायने, पाहुण्यांसमोर.
मार्ग: रायपूर, तिथून गाडी बदलून विजयनगरम, तिथून वर ब्रह्मपूर, मग बस. मिरगाच्या आत परत, धान पेरायचं आहे. मधू म्हणतो, विजयनगरमपर्यंत जातोच आहोत तर वाल्टेर हाकेवर आहे. कुणी लक्ष दिलं नाही.
मी अजून म्हणते चूक आहे. मायला म्हटलंही. तिने ऐकून घेतलं. "तू म्हनतेस ते मले बी समजते," म्हणाली. "मी तिले काही सांगाले नाई चालली. आहे का, एवढं पाहाले चालली."
पाहून गप्प राहता येईल का?

सोम. १३ मे
सुशीच्या लोकांचा निरोप नाही. आठ दिवस झाले. दादा रोज आमगावला पोस्टात जातो, बी-बियाण्याचं काम आहे म्हणून सांगतो. सुशी वहिनीला म्हणाली, नाही आला तर नाही. वहिनीने तिला गप्प केलं. मग मागच्या दारी जाऊन बसली, वहिनी.
बाबूजींना आता माझा चेहरा दिसत नाही, आवाजावरून ओळखतात. विचारलं, समुद्र दिसेल का? "मोठा आहे म्हनतात ना. मोठं दिसते अजून."

रवि. १९ मे, आमगाव स्टेशन
सकाळचे सात. गाडी पाऊण तास लेट, म्हणून हे लिहिते आहे, ट्रंकेवर बसून.
दादा येणार नव्हता. शेत कोण पाहील म्हणत होता. गाडीबैल घेऊन सोडायला आला, बैल गड्याच्या हाती दिले, आणि आता बाबूजींशेजारी बसला आहे, कपड्यांची पिशवी मांडीवर. पिशवी कधी भरली कुणाला माहीत नाही. कुणी विचारलंही नाही.
सुशीच्या लोकांचं अजून काहीच नाही. नाही म्हणूनही नाही.
माझ्या पिशवीत सुभद्राला लिहिलेलं एक पत्र आहे, हिंदीत. चार वेळा लिहिलं. द्यायचं की नाही ठरलेलं नाही. तिला हिंदी येतं की नाही तेही ठाऊक नाही.
मधू रायपूरच्या एका उडिया गँगमनकडून कागदावर काही शब्द लिहून घेऊन आला आहे. रस्ता कुठे, बस कुठे, किती झाले. मायने ते सगळे ऐकून घेतले. मग त्याला म्हणाली, "'आई'ले का म्हनतात ते नको सांगू. मले थोडं पानी द्या, हे कसं म्हनतात?"
मधूने कागद पाहिला. "टिके पाणि दिअ."
"एवढंच शिकव. दारात जाऊन एवढं म्हनीन. पानी घेऊन ते बाहेर येईल. बाकीचं मंग पाहू."
चुकत होती, मधू दुरुस्त करत होता. बाबूजीही तिच्याबरोबर म्हणायला लागले. आता एकटीच म्हणते आहे, ओठ हलवत, फलाटाकडे तोंड करून. टिके पाणि दिअ. टिके पाणि दिअ.
सिग्नल पडला.